परवाना आधी वाचावा

मोफत पाठ्यपुस्तक दर्जाने उणेच असणार, अशी शंका अनेकदा व्यक्त होते; ती मला पटत नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तक प्रकल्पाची २०१२ पासून निघणारी पुस्तके विषयतज्ज्ञांनी तपासलेली असतात. खरी अडचण परवान्यात, म्हणजे पुस्तक कसे वापरता येईल हे ठरवणाऱ्या अटींत आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या साहित्यासाठीच्या तयार परवान्यांपैकी 'बाय' (श्रेय देणे) परवान्याखाली मूळ लेखकाचा आणि केलेल्या बदलांचा उल्लेख केला, की संख्याशास्त्राच्या प्रकरणातील उदाहरणे बदलून सुधारित प्रत विद्यार्थ्यांना खुशाल देता येते. 'एनडी' (बदल नको) अट असल्यास मात्र बदललेली प्रत वाटता येत नाही, आणि शिक्षकाला तर नेमके तेच हवे असते. 'एसए' म्हणजे बदललेली प्रत त्याच परवान्याखाली देणे आणि 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको; त्यामुळे 'बाय-एसए' व 'बाय-एनसी-एसए' साहित्याची सरमिसळ करून नवे पुस्तकही रचता येत नाही. परवाने पाहून पुस्तकात बदल करण्याचे हे संपादन वेळखाऊ आहे, म्हणून महाविद्यालयांनी ते प्राध्यापकांच्या कार्यभारात धरावे, असा माझा आग्रह आहे.