नेमबाजी शिकणाऱ्या बाईचं पहिलं शस्त्र: हलकं रिव्हॉल्व्हर, एअर रायफल की एअर पिस्तूल?

घोडबंदरची (धागा सुरू)

माझ्या मावसबहिणीने आजवर जत्रेतल्या फुग्यांवरही नेम धरलेला नाही. वय छत्तीस, राहायला ठाण्यात, रात्रपाळीची नोकरी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली तेव्हापासून तिने नेमबाजी शिकायचं मनावर घेतलंय. तिच्या नवऱ्याला तिच्या रात्रीच्या येण्याजाण्याची काळजी. दोघांनी मिळून ठरवलंय की परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि मिळाला की बायकांसाठी म्हणून काढलेलं हलकं रिव्हॉल्व्हर घ्यायचं. त्यावरच ती नेमबाजीही शिकेल.

माझा याला ठाम विरोध आहे. पहिलं शस्त्र एअर पिस्तूलच असावं, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणारं, दहा मीटरवरून नेम धरायचं, असं माझं मत.

‘हलकं म्हणजे बायकांना सोपं’ ही समजूतच मुळात चुकीची. कानपूरच्या आयुध निर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ बाजारात आणलं. .३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अवघं ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर देश हादरला होता, त्यामुळे बायकांसाठीचं शस्त्र म्हणून त्याचा खूप गाजावाजा झाला; दागिन्यांच्या डब्यासारख्या पेटीतून ते दिलं जायचं. पण गोळी तीच आणि शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. पर्समध्ये बाळगायला जे सुखाचं, तेच झाडायला त्रासाचं. त्यात घोडा आधी न चढवता नुसता ट्रिगर ओढायचा तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर चांगलाच जड लागतो. ज्याची बोटं लहान त्याचा सगळा पंजा त्या ओढीबरोबर वळतो आणि नळी बाजूला जाते.

नवख्या माणसाला पहिल्या दिवशीच मोठा आवाज आणि झटका मिळाला की शरीर पुढच्या वेळी आधीच तयारीला लागतं. बार उडायच्या आत डोळे मिटतात, मनगट खाली झुकतं. ही दचकण्याची सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो, पुरुषांनाही. एअर पिस्तुलाला धक्का जवळपास नाहीच. ट्रिगरचा भार नियमाने किमान ५०० ग्रॅम, तोही हवा तसा लावून घेता येतो. ४.५ मिलिमीटरचा पेलेट (छर्रा) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवानाही लागत नाही.

आपली मतं सांगा. विरोधी असली तर कारणासकट.

---

दुधाळीकर

ताई, रिव्हॉल्व्हर नको हे शंभर टक्के मान्य. पण पिस्तूल? नवख्या माणसाच्या हातात पहिल्यांदा पिस्तूल देणं म्हणजे त्याला निराश करून घरी पाठवणं.

आम्ही कोल्हापूरची माणसं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झाली ती रायफलवर. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य आणलं तेही रायफलवरच. त्यांची नावं घेऊन रोज नवी पोरं-पोरी, आता तर आयाही, रेंजवर येतात. रायफलला खांद्याचा आधार, गालाचा आधार, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर. वजन पेलतं ते हाड, स्नायू नव्हे. उभं राहायची पद्धत एकदा बसली की साडेचार-पाच किलोची रायफलसुद्धा जड वाटत नाही. बायकांच्या शरीराचा तोल खाली असतो आणि कमरेचं हाड रुंद, त्यामुळे उभ्याने नेम धरायला त्यांना उलट सोपं जातं, हा आमचा रोजचा अनुभव.

पीप साइट (बारीक गोल भोकातून बघायची) असेल तर नजरेचं कामही सोपं. गोलात गोल बसवायचा, बस. पिस्तुलात एक हात ताणून किलोभर वजन धरायचं, त्यात मागची खाच, पुढचं टोक आणि टार्गेट यांचा मेळ घालायचा. टार्गेट धूसर ठेवून पुढच्या टोकावर नजर रोखायची हे नवख्याला सांगून कळत नाही. पेलेट भिंतभर उडतात आणि माणूस म्हणतो, मला काही हे जमायचं नाही.

---

घोडबंदरची

दादा, राही सरनोबतही तुमच्याच कोल्हापूरची ना? २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. नेमबाजीत आशियाई सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

नजरेचं म्हणता ते खरं, पण टार्गेटचे आकारही बघा. एअर रायफलचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. रायफलवाल्याला लवकर गुण दिसतात हे मान्य. मात्र ते दिसायला अंगात जाकीट लागतं, आणि माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. कॅनव्हास-चामड्याचं ताठ जाकीट, तशीच पँट, खास बूट, ग्लोव्ह. जाकीट अंगाला नेमकं बसावं लागतं, छातीशी सैल किंवा घट्ट असलं की सगळी पोझिशन बिघडते, म्हणून मैत्रिणीचं मागून चालत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या रेंजमध्ये ते घालून तासभर उभं राहणाऱ्या मुली मी पाहते. नोकरी करणारी, रात्रपाळीची बाई आठवड्यातून दोनदा येणार. ती शस्त्र शिकेल की कपडे चढवत बसेल?

पिस्तुलाला सपाट बूट पुरतो, तोही घोट्याच्या खालचा. घरी पांढऱ्या भिंतीसमोर, पेलेट न भरता, रोज दहा मिनिटं नुसतं धरून ट्रिगर दाबायचा सराव करता येतो. माझ्या मते खरी नेमबाजी त्या भिंतीसमोरच शिकून होते.

---

शेतावरचा

तुम्ही दोघं खेळाचं बोलताय, तो माणूस बायकोच्या जिवाचं बोलतोय. त्याची काळजी तुम्ही एका वाक्यात उडवून लावली, हे बरोबर नाही.

माझी आत्या शेतावरच्या घरात एकटी राहते. पोलीस ठाणं लांब, रात्री फोन लागेल याची खात्री नाही. तिच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे, भिंतीवर दिसते, आणि गावाला ठाऊक आहे की आत्याला ती चालवता येते. तिने आधी कुठलं एअर पिस्तूल हातात धरलं होतं? पुरुषाने शस्त्र मागितलं तर कुणी म्हणत नाही, आधी दहा मीटरवर कागद फोडून ये. बाई म्हणाली की लगेच खेळ, छंद, पदक.

रिव्हॉल्व्हर अवघड वाटत असेल तर बारा बोअर शिकवा. लांब नळी, दोन्ही हातांत धरायची, खांद्याला टेकवायची. जवळून नेम चुकायचं भय कमी.

---

निवृत्त हवालदार

शेतावरच्या घराची गोष्ट वेगळी, रात्रपाळीहून रिक्षाने परतणाऱ्या बाईची वेगळी. बारा बोअर काही रिक्षात घेऊन जाता येत नाही.

परवान्याचं सांगतो. ठाण्यात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. जिवाला धोका असल्याचं कारण पटवावं लागतं, चौकशी होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, घरी कुलपात कसं ठेवणार ते सांगावं लागतं. परवाना मिळाला तरी निवडणुका लागल्या की शस्त्र ठाण्यात जमा करायचं बोलावणं येऊ शकतं.

हे सगळं पार पाडलं असं धरू. आता रस्त्यावरचा प्रसंग. मागून कुणी हात धरला. पर्सची चेन उघडायची, चाव्या आणि पाण्याच्या बाटलीखालून रिव्हॉल्व्हर काढायचं, मागेपुढे माणसं आहेत का पाहायचं, झाडायचं. रोजचा सराव असलेल्या शिपायालाही हे अवघड जातं. सराव नसलेल्याच्या हातातलं शस्त्र समोरच्याने हिसकावण्याची भीती मोठी. त्या भावोजींना सांगा, रात्रीसाठी ओळखीची गाडी बघा, कंपनीकडे सोडण्याची व्यवस्था मागा. शस्त्र शिकायचं असेल तर सावकाश शिकू द्या.

---

शेतावरचा

हवालदारसाहेब, रस्त्याचं पटलं. पण कंपनी गाडी देत नाही म्हणून तर हा विचार सुरू झाला असणार. आणि घरात ठेवण्याचं काय?

---

घोडबंदरची

घरात सात वर्षांचा मुलगा आहे. शस्त्र कुलपात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवल्या तर दारावर थाप पडल्यावर ते कामाला येणार नाही. उशाशी ठेवलं तर मुलाच्या हाती लागणार. आत्या एकट्या राहतात, त्यांच्यापुढे हा पेच नाही.

बारा बोअरचा झटका मात्र तुम्ही हिशेबात धरला नाही. दस्ता पुरुषाच्या हाताच्या मापाने केलेला असतो. बाईला तो लांब पडला की ती खांद्याऐवजी दंडावर टेकवते आणि पहिल्याच बाराने दंड काळानिळा होतो. आत्यांना विचारा, त्यांच्या बंदुकीचा दस्ता कापून बसवला होता का.

---

पनवेलवाली

मी चाळिशी ओलांडल्यावर रायफल हातात घेतली. दुधाळीकरांनी रायफलच्या पोझिशनचे फायदे सांगितले, तोटा राहिला. उभ्याने कंबर पुढे आणि पाठ मागे वळवून तासन्‌तास उभं राहायचं, तेही एका बाजूला. ज्यांच्या कमरेला आधीच दुखणं आहे त्यांनी फिजिओला विचारल्याशिवाय यात पडू नये. मी पाठीचे व्यायाम रोज करते म्हणून टिकले.

तरीही माझं मत रायफललाच. पहिल्या महिन्यात कागदावर एकाच जागी पाच छिद्रं पडलेली दिसली तो आनंद मला पिस्तुलाने दिला नसता. छत्तिशीत नवं काही शिकताना बाई आधीच बुजलेली असते. तिला लवकर यश दिसलं पाहिजे.

वयाबद्दल कुणी बोलायच्या आत सांगते: जॉर्जियाची निनो सालुकवाद्झे १९८८ च्या सोलपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत सलग दहा ऑलिंपिक खेळली, पिस्तुलावर. बागपतजवळच्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर आणि प्रकाशी तोमर यांनी साठी ओलांडल्यावर पिस्तूल हाती घेतलं. मलेशियाची नूर सुरयानी तर २०१२ ला लंडनमध्ये गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात एअर रायफल खेळली. म्हणजे ‘बायकांना झेपेल का’ हा प्रश्नच कुणी काढू नये.

एक सूचना मात्र सगळ्यांना. पेलेट शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका, मुलाला जवळ घेऊ नका.

---

घोडबंदरची

झेपण्याचा विषय निघालाच आहे तर १९९२ चं बार्सिलोना सांगते. तेव्हा स्कीट (हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीने फोडायची) ही स्त्री-पुरुषांची एकत्र स्पर्धा होती. चीनच्या झांग शानने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेतलं. पुढच्या ऑलिंपिकला, १९९६ ला, बायकांसाठी स्कीटच ठेवलं नाही. महिलांचं स्कीट आलं ते २००० साली. त्याआधी १९७६ ला माँट्रियलला मार्गारेट मर्डॉकने रायफलमध्ये लॅनी बॅशम या पुरुष नेमबाजाइतकेच गुण मिळवले होते. बरोबरी मोडताना तिला रौप्य मिळालं, तर बॅशमने तिला सुवर्णाच्या पायरीवर आपल्याशेजारी उभं केलं. या दोघींनी काही बायकांसाठी बनवलेल्या हलक्या बंदुका वापरल्या नव्हत्या. शस्त्र हाताच्या, खांद्याच्या, डोळ्याच्या मापाचं लागतं.

---

दुधाळीकर

डोळ्याचं बोललात म्हणून विचारतो, बहिणीचा मास्टर डोळा कुठला ते बघितलं का? दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचं घड्याळ बघायचं, मग आळीपाळीने एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याने घड्याळ दिसत राहतं तो मास्टर. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर रायफलमध्ये पंचाईत होते, कारण गाल उजव्या बाजूला टेकलेला असतो. एक तर डाव्या खांद्यावरून शिकायचं, नाहीतर डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची. पिस्तुलात मान जराशी वळवली की भागतं. तसं असेल तर पिस्तूल घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. हात आणि डोळा एकाच बाजूचे असतील तर मात्र रायफलच, हे माझं मत कायम.

---

घोडबंदरची

आत्ताच फोनवर करून घेतलं. हात उजवा, डोळा डावा!

रविवारी तिला रेंजवर नेते. विकत काहीच घ्यायचं नाही. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) पिस्तूल चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर लाखाच्या पुढे जातं, ते क्लबचं वापरून महिना-दोन महिने काढता येतात. फक्त ग्रिपचा प्रश्न आहे. क्लबची बहुतेक ग्रिप मोठ्या पंजाची, तिचा हात लहान. अंगठ्याच्या बेचक्यात फट राहिली की प्रत्येक वेळी पकड वेगळी बसते. लहान मापाची लाकडी ग्रिप मिळाली तर कानशीने घासून तिच्या तळव्याला बसवून देईन.

---

शेतावरचा

शिकवा, चांगलंच आहे. पण रात्रीच्या येण्याजाण्याचं उत्तर या धाग्यात अजून मिळालेलं नाही, एवढी नोंद राहू द्या. आत्याला दस्त्याचं विचारलं. कापलेला आहे, आजोबांनी सुताराकडून करून घेतला होता.

---

घोडबंदरची

नोंद मान्य. भावोजींशी काल त्यावरच बोलले. तिच्या पाळीच्या आणखी चौघीजणी त्याच रस्त्याने येतात. पाचजणींच्या सह्यांचा अर्ज सोमवारी कंपनीला जातोय. परवान्याचा अर्ज भावोजींनी अजून फाडलेला नाही, कपाटात ठेवलाय.