बांगू आधी की वास्को? रिओच्या फुटबॉलमधला रंगभेद नक्की कोणी मोडला

मैदानाबाहेरचा:
वास्को द गामा या रिओच्या फुटबॉल क्लबचं १९२४ चं पत्र आता फुटबॉल बघणाऱ्या सगळ्यांना तोंडपाठ झालंय. बारा खेळाडू काढलेत तरच आमच्या नव्या संघटनेत घेऊ असं रिओच्या मोठ्या क्लबांनी सांगितलं, ते बारा म्हणजे काळे, गरीब, मजुरी करणारे, आणि वास्कोचे अध्यक्ष जुझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी लिहून कळवलं की मग आम्हीच येत नाही. मोठी गोष्ट आहे, मान्यच. पण पत्राला शंभर वर्षं झाल्यापासून जिथे बघावं तिथे काळ्या खेळाडूंसाठी रिओमध्ये पहिल्यांदा दार उघडणारा क्लब म्हणून वास्कोचंच नाव येतंय आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण ते दार बांगू या क्लबमध्ये त्याच्या एकोणीस वर्षं आधी उघडलं होतं.

बांगू म्हणजे रिओच्या पश्चिमेचा, प्रचंड उकाड्याचा भाग. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ मध्ये आणि पुढच्याच वर्षी इथल्या कापडगिरणीची कंपनी निघाली. यंत्रं इंग्लंडची, ती चालवायला माणसंही तिकडचीच, त्यांच्यात थॉमस डोनोहो हा रंगखात्यातला स्कॉटिश माणूस. चेंडू त्याने आणला. १७ एप्रिल १९०४ ला क्लब स्थापन झाला. १४ मे १९०५ ला बांगूने फ्लुमिनेन्सला, म्हणजे रिओच्या श्रीमंतांच्या क्लबला, ५-३ हरवलं. त्या टीममध्ये पाच इंग्रज, तीन इटालियन, दोन पोर्तुगीज आणि एकच ब्राझिलियन, फ्रान्सिस्को कारेगाल. गिरणीतला विणकर, आई काळी, वडील पोर्तुगीज. पुढे १९०७ मध्ये लीगने ठरवलं की 'रंगीत' लोकांची खेळाडू म्हणून नोंदणी करायची नाही, तर बांगू त्या लीगमधून बाहेर पडला.

मग पहिला मान कुणाचा, सांगा.

चाळकरी:
तारखा सगळ्या बरोबर आहेत पण त्यातून तुम्ही जो अर्थ काढताय तो नाही निघत. कारेगालला घेतलं कारण गिरणी शहरापासून लांब होती आणि अकरा गोरे जमत नव्हते! पाच इंग्रज, तीन इटालियन हे तुम्हीच लिहिलंय ना, म्हणजे जे हाताशी होते ते घेतले. याला गरज म्हणतात. मालकांनाही खेळ हवाच होता, कामगार रविवारी मैदानात रमले की सोमवारी वेळेवर खात्यात येतात, शिवाय टीम जिंकली की गिरणीचं नाव पेपरात. नंतर तर चांगला खेळणाऱ्याला गिरणीत हलकं काम द्यायची पद्धतच पडली, सरावाला वेळ मिळावा म्हणून. कामगाराचं भलं झालं का? काहींचं झालं. पण याला समतेची लढाई म्हणायला मी तयार नाही. त्यांच्या स्टेडियमचं नावच बघा, १९४७ मध्ये उघडलं, 'एस्तादियो प्रोलेतारियो गिल्येर्मे दा सिल्वेरा'. स्टेडियम कामगारांचं आणि नाव मालकाचं.

वास्कोकडे मात्र लेखी नकार आहे, खाली सही आहे. तत्त्व म्हणून उभं राहणं ते हे.

सेंटर_हाफ:
चाळकरींशी अर्धा सहमत, आणि मैदानाबाहेरचा यांना एक सरळ प्रश्न. १९२४ मध्ये वास्कोला ज्या संघटनेने बारा खेळाडू काढायला सांगितलं ती 'आमेया' स्थापन करणारे कोण होते? फ्लुमिनेन्स, फ्लामेंगो, बोताफोगो, अमेरिका. आणि बांगू. होय, बांगू. १९०७ मध्ये जो क्लब बाहेर पडला तोच सतरा वर्षांनी आतल्या बाजूला बसला होता. बांगूला मान देताना ही गोष्ट कुणी सांगतच नाही, आणि तुम्हीही सांगितली नाहीत.

मैदानाबाहेरचा:
सेंटर हाफ, सांगितली नाही कारण ती एका ओळीत सांगितली की चुकीची कळते, आता विचारलंच आहे तर सविस्तर लिहितो. आमेयाची अट कागदावर रंगाची नव्हतीच. अट होती की खेळाडूला खरीखुरी नोकरी असली पाहिजे आणि त्याला लिहितावाचता आलं पाहिजे. वास्कोचे खेळाडू पोर्तुगीज दुकानदारांकडे नावापुरते कामाला असायचे, म्हणून त्या अटीत अडकले. बांगूचा खेळाडू खरोखरच गिरणीत कामाला होता, त्याच्या नोकरीवर कुणाला बोट ठेवता येत नव्हतं. म्हणजे संघटनेत राहून बांगूला आपली माणसं टाकावी लागत नव्हती. वास्कोच्या बाजूने उभं राहायला हवं होतं का? हवं होतं, आणि ते राहिले नाहीत याचं मला वाईट वाटतं. पण म्हणून १९०५ पुसलं जात नाही.

चाळकरी, गरजेचं म्हणाल तर मला त्यात कमीपणा दिसत नाही. तत्त्व म्हणून कुणी एका गरिबाला बोलावलं तर तो पाहुणा असतो. कारेगाल पाहुणा नव्हता, ज्या गिरणीत बाकीचे त्याच गिरणीत तो. आणि १९०७ मध्ये तर गरजही उरली नव्हती. लीगचं ऐकून गोऱ्यांचीच टीम उतरवणं सोपं होतं, फ्लुमिनेन्स-बोताफोगोशी खेळायला मिळालं असतं, गिरणीचं नावही तुम्ही म्हणता तसं पेपरात आलं असतं. ते सोडलं. मालकाच्या फायद्याने सगळं समजत असेल तर हे कसं समजवाल?

कॅम्पिनासवाली:
तुम्ही दोघं रिओच्या बाहेर बघतच नाही म्हणून मध्ये पडतेय. साओ पावलो राज्यात कॅम्पिनास शहराची पोंटे प्रेटा ही टीम, स्थापना ११ ऑगस्ट १९००, मिगेल दो कार्मो हा काळा रेल्वे कामगार तिच्या सुरुवातीपासूनच्या लोकांमध्ये. तिथले लोक बांगूचाही दावा मानत नाहीत आणि वास्कोचाही नाही. मला वाटतं पहिला कोण हा प्रश्न सोडावा, रेल्वे आणि गिरण्या जिथे होत्या तिथे हे घडत गेलं.

चाळकरी:
कॅम्पिनासवाली ताईंचा मुद्दा एकदम पटला. जिथे एका छपराखाली सगळे राबत होते तिथे सगळे खेळले, यात क्लबच्या कमिटीचं श्रेय किती? १९०७ बद्दल विचारलंत म्हणून सांगतो, कामगार वस्तीतल्या क्लबने आपल्याच शेजाऱ्याला बाहेर ठेवलं असतं तर मैदानावर बघायला कोण आलं असतं? ते बाहेर पडले ते वस्तीच्या दबावाने असं मी मानतो.

मैदानाबाहेरचा:
मग तेच तर म्हणतोय! वस्तीच्या दबावाने झालं असेल तर क्लब वस्तीचा आहे, मालकाचा नाही. दा गिया घराणं बघा, चार भाऊ बांगूकडून खेळले. त्यातला डोमिंगोस ब्राझीलचा आजवरचा सगळ्यात मोठा बचावपटू मानला जातो, उरुग्वेत नासियोनाल, अर्जेंटिनात बोका, सगळीकडे गाजला. दुसरा, लादिस्लाऊ, बांगूचा आजवर सर्वाधिक गोल करणारा. डोमिंगोसचा मुलगा आदेमीर, पुढे पाल्मेरास क्लबचा देव झाला, तोही सुरुवातीला बांगूचाच. आणि १९३३ मध्ये रिओत पहिल्यांदा प्रोफेशनल लीग झाली, खेळाडूला उघडपणे पगार, ती जिंकली कोणी? बांगूने. शेवटी फ्लुमिनेन्सला ४-०.

पेनल्टी_सहा_पाच:
सगळे १९०५ आणि १९२४ वर भांडताय पण आज मोसा बोनिताच्या, म्हणजे बांगूच्या त्याच स्टेडियमच्या, पायऱ्यांवर बसणाऱ्याला विचारलंत तर तो ६६ आणि ८५ सांगेल. १८ डिसेंबर १९६६, माराकाना स्टेडियम, लाखावर माणसं, बांगू फ्लामेंगोविरुद्ध ३-० ने पुढे आणि फ्लामेंगोच्या आल्मिरने मैदानावर मारामारी सुरू केली, एकामागून एक खेळाडू बाहेर, मॅच पूर्ण झालीच नाही, बांगू रिओचा चॅम्पियन. आणि ३१ जुलै १९८५, राष्ट्रीय चॅम्पियनशिपची फायनल, परत माराकाना, कोरितिबाशी १-१, पेनल्टीवर ६-५ ने हरले. त्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू बांगूचा मारिन्यो.

या दोन्हीच्या मागे एकच माणूस आहे आणि त्याचं नाव अजून या धाग्यात आलं नाही, कास्टर दी आंद्रादे. जोगो दो बिशो चालवायचा, म्हणजे प्राण्यांच्या आकड्यांवरचा बेकायदा जुगार, आपल्याकडच्या मटक्यासारखा. मोसिदादे ही सांबा स्कूल, म्हणजे कार्निव्हलमध्ये उतरणारं नाचगाण्याचं मंडळ, तेही त्याच्याच पैशावर. क्लबचा मॅस्कॉट बीव्हर हा प्राणी, तोही त्याच्याच नावावरून, पोर्तुगीजमध्ये कास्टर म्हणजे बीव्हर. १९९३ मध्ये न्यायाधीश दनीझ फ्रोसार यांनी त्याला आणि इतर जुगारसम्राटांना सहा वर्षांची शिक्षा दिली, १९९७ मध्ये तो गेला, आणि त्यानंतर बांगूला कधी ते दिवस दिसले नाहीत. बांगूची ओळख म्हणायची तर हे बाजूला ठेवून कसं चालेल?

मैदानाबाहेरचा:
पेनल्टी, बाजूला ठेवू नये हे बरोबर, पण कास्टरला क्लबची ओळख म्हणणं मला सहन होत नाही. ज्या पैशाने मारिन्यो आणला त्याच पैशाने क्लबला स्वतःच्या पायावर उभं राहायची सवय मोडली. गिरणी होती तेव्हा निदान पोरं वस्तीतून यायची. त्याच्या मागे माणसं मरत होती, तो जुगार बंदुकीच्या धाकाने चालायचा. आज मॅस्कॉट म्हणून तो प्राणी शर्टवर मिरवताना लोकांना विणकराचं नाव आठवत नाही, हेच माझं दुखणं आहे.

पेनल्टी_सहा_पाच:
पण लोकांनी प्रेम केलंय त्याच्यावर, ते खोटं नव्हतं. गिरणीमालकाने १९५० मध्ये फ्लामेंगोकडून झिझिन्यो विकत आणला, जो त्याच वर्षी वर्ल्डकपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पेलेचा आदर्श होता, तेव्हा तो पैसाही वरूनच आला होता. मालकाचा पैसा चालतो आणि कास्टरचा चालत नाही, यात फरक कायद्याचा आहे, वस्तीच्या हक्काचा नाही.

चाळकरी:
यात मी मैदानाबाहेरचा यांच्या बाजूने. फरक आहे. गिरणीने शोषण केलं असेल पण विणकराला पगार दिला, त्याच्या घामातून कापड निघालं. जुगाराने त्याच विणकराच्या खिशातून पैसे काढले आणि त्यातले थोडे फुटबॉलवर उडवले. १९८५ च्या त्या टीमसाठी बांगूच्या माणसाने रोज आकडा लावून पैसे मोजलेत.

सेंटर_हाफ:
गिरणीचं पुढे काय झालं तेही लिहा कोणीतरी. बंद पडली, २००७ मध्ये त्याच विटांच्या इमारतीत शॉपिंग मॉल उघडला, आमच्या लोअर परळला झालं तेच. डोनोहोचा पुतळा मॉलपाशी उभा केलाय. कारेगालचाही त्याच्या शेजारी हवा होता असं माझं मत आहे, आमेयाबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही.

मैदानाबाहेरचा:
घेऊ नका. त्या पाच क्लबांच्या यादीत बांगूचं नाव आहे ते आहेच. फक्त पुढच्या वेळी वास्कोच्या पत्राचा फोटो शेअर कराल तेव्हा खाली एक ओळ कारेगालची टाका, एवढं मागतोय.