मदत हवी आहे : लायसन्स खरं, तरी झडती आमचीच
मंडळी, उद्यमनगरात माझं ओतकामाच्या पॅटर्नचं (साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं) छोटं वर्कशॉप आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर रीतसर बिलानं घेतलंय, यूएसबी डाँगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालायचं. नव्या अपडेटनं डाँगल बाद केला. आता नेट सतत चालू पाहिजे, आणि अटींत बारीक अक्षरात लिहिलंय : मॅक अ‍ॅड्रेस (कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), फाइलींची नावं कंपनीकडे जाणार. अहो, फाइलीच्या नावातच गिऱ्हाईक आणि पार्ट नंबर असतो! गिऱ्हाइकाशी केलेल्या गुप्ततेच्या करारावर सही माझी. क्रॅक (लायसन्स तोडलेली चोरीची कॉपी) वापरणारे मात्र निवांत.

२००५ मध्ये सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडीतून असंच लपवून सॉफ्टवेअर घातलं, शेवटी सीड्या परत घ्याव्या लागल्या. २०२३ चा डेटा कायदा व्यक्तींच्या माहितीपुरता, ड्रॉइंगला उपयोग नाही.

फायरवॉलमध्ये (नेटची ये-जा अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) फक्त कंपनीचा लायसन्स तपासणारा सर्व्हर चालू ठेवून बाकी बंद करता येतं का? ऑफलाइन लायसन्स मागून कुणाला मिळालंय का?