मदत हवी आहे: पद्मिनीला कोन फिल्टर बसवल्यापासून चढावर दम सुटतो

मंडळी, वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आहे. पेट्रोल, १०८९ सीसी, कार्ब्युरेटर मूळचाच सोलेक्स. एअर क्लीनरच्या पत्र्याच्या डब्याला तळाशी गंजून भोकं पडली होती, म्हणून गेल्या महिन्यात बाजारातला कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) आणला आणि क्लॅम्प आवळून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसवला.

आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिन चालणं) ठीक आहे. पण तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी अडखळते, आणि खंबाटकी चढताना तर मागून ट्रक हॉर्न मारत होते. चारही प्लग काढून पाहिले, टोकं पांढरीफटक. म्हणजे हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिक्श्चर स्क्रू फिरवून पाहिला, पण त्याचा उपयोग आयडलपुरताच, वरच्या वेगाला काहीच फरक नाही.

मेन जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) मोठा टाकायचा का? कुणी टाकला असेल तर मूळ जेटपेक्षा कितीने वाढवला, आणि अ‍ॅव्हरेज किती उतरलं?

दुसरं, इंजिनाचा ब्रीदर पाइप (आतली तेलकट वाफ बाहेर सोडणारा) जुन्या डब्यात जात होता. कोनला तसं तोंडच नाही. सध्या पाइप मोकळा आहे आणि केबिनमध्ये तेलाचा वास येतो, आईला मळमळतं. त्याला वेगळा छोटा फिल्टर लावता येतो का?

खरं तर मला मूळचा डबाच हवा आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर भंगारात सहज मिळायचा. मुंबई-पुण्यात कुणाकडे पडून असेल तर कृपया कळवा, स्वतः येऊन घेऊन जाईन.