अमेरिकेत बायकांना मत "एका मतानं" मिळालं, हे खरं का?

यावलची_मॅडम:
अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. काल मागच्या बाकावरच्या पोरानं हेच विचारलं, वर "मग आपल्याकडे राज्यांनी अडवलं नाही का?" मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आता उद्या उजाडतोय. कुणी सांगेल का?

जळगावचा_वकील:
अर्धं खरं. बायकांना मताचा हक्क देणारी अमेरिकन घटनेची 19 वी दुरुस्ती 48 पैकी 36 राज्यांना मान्य व्हायला हवी होती, 35 झाली होती. 1920 च्या ऑगस्टात टेनेसीची पाळी आली. ठराव बाजूला टाकायचा का, यावर सभागृहात दोनदा 48-48. हॅरी बर्न, वय 24, कोटाला विरोधकांचा लाल गुलाब, दोन्ही वेळा विरोधकांसोबत. पण खुद्द मंजुरीवर मत आलं तेव्हा गडी "हो" म्हणाला. खिशात आईचं पत्र होतं, "मंजुरी दे" सांगणारं. बाकी "एका मतानं" म्हणायचं तर आधीच्या 35 राज्यांनी काय गोट्या खेळल्या? आणि दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना खरं मत मिळायला 1965 उजाडलं, हेही सांगा पोरांना.

धुळे_अभ्यासिका:
घटनादुरुस्तीला तिकडे तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते, आपल्याकडे कलम 368 प्रमाणे निम्म्या राज्यांची. तीही सरसकट नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, सातवी अनुसूची (केंद्र-राज्यांमधली विषयांची वाटणी), संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व अशा ठरावीक बाबींनाच. जीएसटीची 101 वी दुरुस्ती अशीच विधानसभांत फिरली. पोरं हमखास चुकतात ते सांगतो: तिकडे राष्ट्राध्यक्षाची सही लागतच नाही. आपल्याकडे राष्ट्रपतींची संमती लागते, आणि 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून ती द्यावीच लागते.

यावलची_मॅडम:
दोघांचे आभार. म्हणजे आपल्याकडे अडवायला जागाच नव्हती, प्रौढ मताधिकार कलम 326 मध्ये पहिल्यापासूनच. आमच्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसच्या 1936 च्या अधिवेशनात प्रौढ मतदानानं निवडलेली घटना समिती मागितली होती. प्रत्यक्षात समिती निवडली ती मर्यादित मतदारांच्या प्रांतिक विधानसभांनी. मागच्या बाकावरचा यावर नक्की हात वर करणार.

पहिल्या मतदारयादीतून सुमारे 28 लाख बायकांची नावं गळाली, कारण त्या "अमक्याची बायको" एवढंच सांगायच्या. माझी आजी अमळनेरकडची. यादीवाला दारात आला तेव्हा तिनं स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. नवऱ्याचं नाव मात्र ओठावर येईना. शेजारच्या पोराला पुढे केलं म्हणे, "मन्हं नाव लिखी ले, त्यासनं नाव ह्या पोरले इचार."