ल्यूट: अंगठा आत घेऊन वाजवताना लय सुटते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे गिटार, सतार, सरोद वाजवणारे बरेच जण आहेत. ल्यूट वाजवणारं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तरी माझी अडचण उजव्या हाताची आहे, त्यामुळे कुठल्याही तंतुवाद्यावर रियाज केलेला माणूस काहीतरी सांगू शकेल अशी आशा आहे.

आधी वाद्याबद्दल थोडं. अरबांचं ऊद युरोपात गेलं त्याचा हा वंश, नावही 'अल् ऊद'वरूनच आलं. पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेली, अर्ध्या नासपतीसारखी. खुंट्यांचा भाग मागे जवळजवळ काटकोनात मोडलेला. तारा जोडीजोडीने असतात. माझ्या वाद्यात सगळ्यात उंच स्वराची तार एकटी आणि बाकी सात जोड्या, मिळून १५ तारा. पडदे दांडीभोवती गुंडाळून गाठ मारलेले, सतारीसारखे सरकवता येतात. मी इंग्लंडमध्ये नॉरिचला राहते, ११ वर्षं क्लासिकल गिटार वाजवते आहे. मार्चमध्ये इथल्या ल्यूट सोसायटीकडून हे वाद्य भाड्याने आणलं आणि तेव्हापासून गिटारची पेटी उघडायचं मनातच येत नाही.

आता अडचण. गिटारवर मनगट उचललेलं असतं, बोटं तारांवर आडवी येतात, अंगठा बोटांच्या पुढे असतो. सोळाव्या शतकातल्या ल्यूटवर हे सगळं बदलतं. हात जवळजवळ तारांच्या दिशेने झोपलेला, करंगळी घोडीजवळ तबलीवर टेकलेली, आणि अंगठा खाली जाताना बोटांच्या आत, तळव्याखाली शिरतो. पंधराव्या शतकापर्यंत ल्यूट पक्ष्याच्या पिसाच्या नखीने वाजवत. पुढे एकाच वेळी दोन-तीन ओळी वाजवायच्या म्हणून वादकांनी नखी ठेवून दिली, पण हाताची ठेवण तशीच राहिली. म्हणून धावत्या ओळींत अंगठा खाली, तर्जनी वर, अंगठा खाली, तर्जनी वर असंच चालतं. अंगठ्याचा स्वर जड, तर्जनीचा हलका. जुन्या टॅब्लेचरमध्ये (कुठली तार, कुठला पडदा हे सांगणारी लिपी) अक्षराखाली ठिपका असला की तर्जनी, नसला की अंगठा.

संथ लयीत मला हे जमतं. मेट्रोनोम ६० वर, एका मात्रेत चार स्वर, छान वाजतात. ८० च्या पुढे गेलं की तीन गोष्टी बिघडतात. जड-हलकं निघून जातं आणि सगळे स्वर सारखेच ऐकू येतात. अंगठा जोडीतल्या एकाच तारेला लागतो आणि 'टक्' असा कोरडा आवाज येतो. आणि ओळ तिसऱ्या जोडीवरून दुसऱ्या जोडीवर गेली की माझा हात न विचारता गिटारच्या तर्जनी-मध्यमेवर उडी मारतो.

परवा फोन टेबलावर ठेवून हाताचं शूटिंग केलं आणि हळू करून पाहिलं. माझी तर्जनी प्रत्येक वेळी मधल्या पेरातून आकसते, गिटारवर ओढतात तशी. कोपरापासूनचा हात मात्र ढिम्म.

वाजवते आहे 'केम्प्स जिग'. विल केम्प हा शेक्सपियरच्या कंपनीतला नट. १६०० साली तो लंडनहून नाचत नाचत नॉरिचला आला, म्हणजे माझ्याच गावात. म्हणून या चालीवर जीव आहे. एका संध्याकाळी आठ मात्रांपुरतं सगळं जुळून आलं होतं. जड-हलकं नीट पडलं आणि चाल आपोआप नाचायला लागली. तेच परत हवं आहे.

तर विचारायचं आहे:

रियाज नेमका कसा करू? नखं कापावीच लागतील का? (अजून हिंमत झालेली नाही.) आणि ही चाल तूर्त बाजूला ठेवून दुसरं काही घेऊ का?

प्रतिसाद १

ताई, मी सरोद वाजवतो, ल्यूट प्रत्यक्ष हातात घेतलेलं नाही. पण तुम्ही लिहिलंत ते वाचून वाटलं, हे तर आमचं 'दा रा'! सरोदवर जव्याचा (नखीचा) खाली जाणारा आघात दा, वर येणारा रा. 'रा' वेगळा मारायचा नसतो, 'दा' मारून हात परत येतो तोच 'रा'. तुमची तर्जनी आकसते म्हणजे तुम्ही 'रा' वेगळा मारताय.

डावा हात काढूनच टाका. एकच जोडी, मोकळी, दहा मिनिटं नुसतं दा रा दा रा. तोंडाने म्हणत म्हणत, आणि म्हणताना 'दा'वर खरंच वजन द्या. तोंडात वजन आलं की हातात येतं, आमच्या गुरुजींनी आम्हाला असंच शिकवलं. मग दोन जोड्यांवर चार-चार, मग दोन-दोन, मग एक-एक. तार बदलली तरी बोल बदलायचा नाही, एवढं एकच लक्षात ठेवा. सतारवाल्या कुणाचा सल्ला घेतलात तर एक सांभाळा: त्यांचा 'दा' तर्जनी आत ओढून येतो, तुमच्या बरोबर उलट.

प्रतिसाद २

मी जर्मनीत असते, सहा वर्षं ल्यूट शिकते आहे. वरचा सल्ला अगदी योग्य आहे, त्यात थोडी भर घालते.

नखं कापा. नखाने जोडीतली एक तार आधी लागते, दुसरी मागून, आणि तुमचा 'टक्' बहुतेक तिथूनच येतोय. नखं ठेवणारेही होते, पिच्चिनीनी या ल्यूटवादकाने १६२३ च्या पुस्तकात नखांची बाजू घेतली आहे. पण तुम्हाला जो आवाज हवाय तो बोटाच्या मांसाचा आहे. अंगठा टोकाने नाही, कडेच्या गादीने टेकवा. दोन्ही तारा त्वचेला लागल्या की आधी त्या तबलीच्या दिशेने किंचित दाबा, मग सोडा. ओढू नका. ल्यूटच्या तारा गिटारपेक्षा खूप सैल असतात, गिटारचा जोर लावला की त्या एकमेकींवर आपटतात. आणि हात घोडीकडे थोडा सरकवून पाहा, तिथे तारा जरा ताठ लागतात.

आता चालीबद्दल. 'केम्प्स जिग' १६०० च्या आसपासची, आणि नेमक्या त्याच काळात अंगठा बोटांच्या बाहेर यायला लागला होता. रॉबर्ट डाउलंडने १६१० मध्ये छापलेल्या पुस्तकात बेसार या ल्यूटवादकाच्या सूचना आहेत. तो अंगठा बाहेर ताणूनच वाजवायला सांगतो, पण ज्यांचा अंगठा आखूड आहे त्यांनी आत घेतला तरी चालेल म्हणतो. तितकं देखणं नाही, पण त्यांना सोपं जाईल! म्हणजे तुम्ही करताय ते चूक नाही, पण हा हात ज्या संगीतासाठी घडला ते शंभर वर्षं मागचं आहे. पेत्रुच्ची या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५०७ साली स्पिनाचिनोचं ल्यूटचं पुस्तक छापलं, १५०८ मध्ये डाल्झाचं. डाल्झाचे नाच घ्या. धावत्या ओळी भरपूर, डाव्या हाताला त्रास कमी. त्याहून सोपं हवं तर न्यूसिडलरचं १५३६ चं न्युरेम्बर्गचं पुस्तक, ते नवशिक्यांना धरूनच लिहिलेलं आहे. मूळ जर्मन टॅब्लेचर डोकं फिरवतं, त्यामुळे फ्रेंच पद्धतीत उतरवलेली प्रत शोधा.

डाल्झा इटालियन पद्धतीत आहे. अक्षरांऐवजी आकडे असतात आणि सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात उंच स्वराची तार. सुरुवातीला उलटं वाटेल. वाद्य मांडीवर घेऊन खाली बघा, ती तार जमिनीकडेच असते. कागदावर तेच चित्र आहे.

प्रतिसाद ३

माझ्याकडे ल्यूट नाही, साधी गिटार आहे. यातलं काही वाजवता येईल का?

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

हो, येईल. तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून एफ शार्पला लावा आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. सहा जोड्यांच्या ल्यूटची मिळवणी मिळते, मग फ्रेंच टॅब्लेचर सरळ वाचत जा. ए म्हणजे मोकळी तार, बी पहिला पडदा, असं पुढे.

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी नखं कापली. पहिले दोन दिवस बोटं बधिर असल्यासारखी वाटली, तार कुठे आहे तेच कळेना. तिसऱ्या दिवशी चौथ्या जोडीवर दोन्ही तारा एकत्र लागल्या आणि आवाज इतका गोल आला की मी थांबून तीच जोडी परत परत वाजवत बसले. शेजारच्या खोलीतून नवऱ्याने विचारलं, वाद्य बदललंस का?

'दा रा' तोंडाने म्हणत रोज दहा मिनिटं चालू आहे. दोन जोड्यांवर चार-चार आता ७६ ला स्थिर आहे, दोन-दोनला अजून हात चुकतो. 'केम्प्स जिग' बाजूला ठेवली, डाल्झाची एक पावाना (संथ नाचाची चाल) घेतली आहे.

एक नवीन प्रश्न. माझ्या खालच्या जोड्यांत एक तार जाड आणि एक तिच्या सप्तकभर वरची बारीक आहे. अंगठा खाली जाताना बारीक तारच जास्त बोलते आणि खर्ज मागे पडतो. अंगठ्याचा कोन बदलू, की त्या जोडीतल्या दोन तारांची जागाच अदलाबदल करून पाहू?