पुस्तक उघडून साहित्याचा पेपर : शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांचे अनुभव

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२६-२७ पासून नववीत भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांसाठी पुस्तक जवळ ठेवून द्यायच्या चाचण्यांना मान्यता दिली आहे. गणितात सूत्र समोर असले तरी उदाहरण सोडवावेच लागते. कवितेच्या पेपरात मात्र कविताच समोर असेल, तर मुलांचे नेमके काय तपासायचे? ज्यांनी असे पेपर काढले, दिले किंवा घरातून पाहिले, त्यांनी लिहावे. नुसते मत नको. प्रश्न काय होता आणि मुलांनी काय लिहिले, हे आल्यास उत्तम.

माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा :
मी नववीच्या घटक चाचणीत हा प्रयोग केला. तुकोबांच्या ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगाची प्रत, वह्या आणि शब्दकोश जवळ ठेवायची मुभा होती. भावार्थ विचारला असता, तर वहीतला उतरवून आला असता. म्हणून विचारले, की झाडावेलींना सोयरे म्हणणारा कवी लगेच ‘येणें सुखें रुचे एकांताचा वास’ असे म्हणतो, तेव्हा सोयऱ्यांच्या गोतावळ्यात हा एकांत कसा, ते ओळींच्या आधारे लिहा. सुरुवातीला बराच वेळ वर्गात वह्या चाळण्याचाच आवाज होता. तयार उत्तर सापडेना, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी पर्यावरण रक्षणावर निबंध लिहिला, कारण झाड दिसले की वृक्षारोपणाकडे वळायचे, अशी सवय आम्हीच लावली आहे. पाठांतरात नेहमी मागे असणारी एक मुलगी मात्र थेट शेवटच्या चरणाकडे गेली आणि ‘होय मनासी संवाद’ या शब्दांचा आधार घेऊन तिने लिहिले, की हे सोयरे सोबत करतात पण बोलायला लावत नाहीत, म्हणून माणसाचे स्वतःशी चाललेले बोलणे मोडत नाही. मी तिला पाचपैकी पाच गुण दिले. भाषेत पैकीच्या पैकी देत नसतात, यावरून शिक्षक खोलीत वाद झाला, तो वेगळा.

माजी विद्यार्थी, पुणे :
याच मंडळाने २०१३-१४ मध्ये नववीसाठी अशीच एक पद्धत आणली होती आणि २०१७-१८ पासून ती बंद केली. मजकूर काही महिने आधीच हातात येत असे. आमच्या क्लासच्या सरांनी त्यावरचे संभाव्य प्रश्न काढून उत्तरे लिहून दिली आणि आम्ही ती घोकली. परीक्षेत मजकूर समोर आणि उत्तर तोंडपाठ, असा तो प्रकार होता.

पालक, इंग्लंड :
येथे वारे उलटे वाहिले. २०१७ पासून सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत साहित्याची पुस्तके नेता येत नाहीत; काही प्रश्नांसोबत उतारा छापलेला असतो, पण उत्तरात संपूर्ण नाटकाचा विचार यावा लागतो. त्यामुळे माझी मुलगी अवतरणांच्या चिठ्ठ्या कपाटावर चिकटवून पाठ करत असे. पुढे ए-लेव्हलच्या, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेच्या, एका पेपराला पुस्तक चालले, पण कोरे. समासात एकही टीप नको. तिच्या मते खरी मदत पुस्तकाची नव्हतीच, कोणता प्रसंग कुठे आहे, हे आधीच्या वाचनाने ठाऊक असण्याची होती. ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांचा निम्मा वेळ शोधण्यात गेला.

निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा :
राज्य मंडळाच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा आणि कविता छापूनच येतात, म्हणजे पुस्तक निम्मे उघडलेलेच असते. चौकटी पूर्ण करणे किंवा जोड्या लावणे यासाठी डोळे पुरतात. ‘स्वमत’ आले की मुले अडतात आणि परीक्षकही अडतो, कारण नमुना उत्तराबाहेरचे उत्तर मान्य करायला त्यालाही कविता पुन्हा वाचावी लागते. गठ्ठा संपवण्याच्या घाईत ते होत नाही. नवी पद्धत आणताना मुलांच्या हातातील पुस्तकाइतकाच तपासणाऱ्याच्या वेळेचाही विचार व्हावा.

दहावीची विद्यार्थिनी, फोंडा :
आमच्या सराव चाचणीत बाईंनी समासातल्या पेन्सिलीच्या खुणा चालू दिल्या. शेजारच्या तुकडीत त्या आधी खोडून घेतल्या. पेपर दोन्हीकडे एकच होता आणि गुणांची यादीही एकत्रच लागली.